सुनेचं दूध, सासऱ्यांची गोळी आणि एकच सिरप

प्रश्न : ताई, सुनेचं पहिलं बाळंतपण. तिची आई आजारी असते, म्हणून ते आम्ही इथेच, कराडला केलं. नातू दीड महिन्याचा आहे. सुनेला मी सकाळी उठल्याबरोबर आणि रात्री झोपताना मोठा पेला भरून म्हशीचं दूध देते. प्यायली की तासाभरात पोट गुडगुडतं, तट्ट फुगतं आणि दोन-दोनदा संडासला पळावं लागतं. पण दही चालतं, ताक चालतं, चहा तर दिवसातून तीनदा लागतो. मग दूधच तेवढं कसं बाधतं? मला हे नखरे वाटतात. लहानपणी पेलेच्या पेले दूध प्यायचे, असं ती स्वतःच सांगते. शेजारच्या बाई म्हणतात, आईला दूध पचत नसेल तर तिचं दूध बाळालाही पचत नाही, वरचं सुरू करा. बाळ संध्याकाळी फार रडतं. औषधाच्या दुकानातून एन्झाइमचं सिरप आणलं, काही फरक नाही. कुणी म्हणतं ए-टू दूध आणा, पण ते फार महाग. आमच्या ह्यांना मधुमेह आहे. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची गोळी सुरू झाल्यापासून त्यांनाही गॅसचा त्रास होतो. उरलेलं सिरप त्यांना देऊ का? आणि नातवालाही पुढे आईसारखंच होणार का? — एक सासू, कराड

उत्तर : काकू, काकांचा प्रश्न आधी घेते, कारण त्यात घाई आहे. उरलेलं सिरप त्यांना देऊ नका. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची मधुमेहाची गोळी म्हणजे बहुधा व्होग्लिबोज किंवा अकार्बोज. पाकिटावर यातलं नाव आहे का ते बघा. बरेचदा ते आणखी एक-दोन औषधांसोबत एकाच गोळीत असतं, म्हणून सगळी नावं वाचा. ही गोळी पिठूळ आणि गोड पदार्थांचं पचन मुद्दाम मंद करते आणि तुमच्या बाटलीतलं सिरप तेच पचन वाढवायला बघतं. दोन्ही एकत्र घेतली तर गोळीचा उपयोग कमी होतो. अशा गोळ्यांबरोबर पाचक एन्झाइम घेऊ नयेत, हे औषधाच्या माहितीपत्रकातही छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता तुमच्या घरात दोन माणसांचं पोट फुगतं आणि दोघांनाही एकच बाटली, असं का जमत नाही ते सांगते.

आज जेवताना एक करून बघा. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा, आमटी-भाजी न लावता, तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता मिनिटभर चावत राहा. हळूहळू गोडसर लागायला लागेल. भाकरीत साखर कुणी घातली नव्हती. लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पिष्टाच्या लांबलचक साखळ्या तोडून त्यांचे माल्टोजसारखे छोटे गोड तुकडे करतं. घास खाली उतरल्यावर स्वादुपिंडातून आणखी अमायलेज येतं आणि तेच काम नेटानं पुढे चालवतं. पण एवढ्यानं भागत नाही. आतड्यातून रक्तात जाते ती फक्त सुटी साखर : ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज. दोन साखरा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर त्यांना आत प्रवेश नाही. हा शेवटचा तुकडा पाडायचं काम लहान आतड्याच्या अस्तरावर होतं. तिथे पेशींच्या टोकांवर वेगवेगळी एन्झाइम्स रोवलेली असतात. माल्टोजसाठी माल्टेज, आपल्या चहातल्या साखरेसाठी सुक्रेज, दुधातल्या साखरेसाठी, म्हणजे लॅक्टोजसाठी, लॅक्टेज. अळंब्यांमधल्या एका साखरेसाठीसुद्धा वेगळं एन्झाइम आहे, ट्रेहॅलेज म्हणून.

एकाचं काम दुसरं करत नाही. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८९४ मध्ये हे कुलूप-किल्लीच्या दाखल्यानं मांडलं. यीस्टमधलं एन्झाइम साखरेचा एका प्रकारचा जोड तोडतं, बदामातलं दुसऱ्या प्रकारचा, आणि त्यांची अदलाबदल केली तर दोन्ही ढिम्म बसून राहतात, हे त्यानं प्रयोगात पाहिलं होतं. चहातली साखर आणि दुधातली साखर यांत फरक तरी किती? दोन्ही दोन-दोन साखरांच्या जोड्या, दोन्हींत एक जोडीदार ग्लुकोजच. तरी सुक्रेजला लॅक्टोज तुटत नाही आणि लॅक्टेजला साखर.

सिरपची बाटली उलटी फिरवून मागचा बारीक मजकूर वाचा. फंगल डायस्टेज आणि पेप्सिन अशी दोन नावं बहुधा असतील, सोबत थोडा वेलदोडा, बडीशेप किंवा अननसाचा वास. डायस्टेज म्हणजे पिष्ट तोडणारं एन्झाइम. पायें आणि पर्सो या दोन फ्रेंच संशोधकांनी १८३३ मध्ये मोड आणलेल्या बार्लीतून ते वेगळं काढलं. वेगळं काढून नाव दिलेलं ते पहिलं एन्झाइम. पुढे जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं ते कोजीच्या, म्हणजे जपानी लोक तांदूळ-सोयाबीन आंबवायला वापरतात त्या, बुरशीतून काढायची रीत बसवली आणि १८९४ मध्येच अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. बाटलीवरचं ‘फंगल’ ते हे. पेप्सिन प्रथिनं तोडतं. दुधातल्या लॅक्टोजचा या दोघांशीही काही संबंध नाही. म्हणजे सुनेनं आख्खी बाटली संपवली असती तरी फरक पडला नसता, आणि त्यात तिचा दोष नव्हता. औषधाच्या दुकानात ‘पोट फुगतं’ एवढंच सांगितलं की हीच बाटली हातात पडते. धडधाकट माणसाच्या स्वादुपिंडाला या सिरपची सहसा गरज नसते, हे माझं स्पष्ट मत.

आता सून. तिचे नखरे नाहीत, काकू. तुम्ही लिहिलेलं वर्णन लॅक्टेज कमी पडल्याचं इतकं नेमकं आहे की तपासणीआधीच अंदाज बांधता यावा.

तान्ह्या बाळाच्या आतड्यात लॅक्टेज भरपूर असतं, कारण त्याचं सगळं जेवणच दूध. अंगावरचं सुटलं की पुढच्या काही वर्षांत बहुतेक माणसांत ते हळूहळू कमी होत जातं. हा रोग नव्हे. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश मोठ्या माणसांचं असंच असतं. उलट, म्हातारपणापर्यंत पेलाभर दूध पचवणारे लोक हा अपवाद. लॅक्टेजच्या जनुकाशेजारी एक छोटासा बदल झालेला असला की ते मोठेपणीही बनत राहतं. फिनलंडच्या संशोधकांनी तो बदल २००२ मध्ये दाखवला आणि २०१२ मध्ये भारतातल्या लोकांचं जनुकीय सर्वेक्षण प्रसिद्ध झालं तेव्हा आपल्याकडेही प्रामुख्यानं तोच सापडला : वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. दूध पचणारे आणि न पचणारे असे दोन्ही तऱ्हेचे लोक आपल्याकडे एकाच वाड्यात, एकाच ताटात जेवताना सापडतात. लहानपणी पेलेच्या पेले रिचवणं आणि पंचविशीत ते न झेपणं, यात म्हणूनच काही विसंगती नाही.

पचलं नाही तर होतं काय, तेही बघा. न तुटलेलं लॅक्टोज लहान आतड्यात पाणी खेचून घेतं. म्हणून गुडगुड आणि पातळ संडास. तसंच ते मोठ्या आतड्यात उतरतं. तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात, ते आंबवतात, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणून पोट तट्ट. अर्ध्या तासापासून दोन तासांत हा सगळा खेळ होतो. तुम्ही ‘तासाभरात’ लिहिलंय.

मात्रेचा हिशेब करू. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असतं. तुमचा मोठा पेला २५० मिलिलिटरचा धरला तर एका वेळी साडेबारा ग्रॅम, तेही सकाळी अनशापोटी. दोन पेले मिळून पंचवीस. मोठ्या शहरांतल्या पोटविकारांच्या दवाखान्यांत श्वासाची एक तपासणी करतात. त्यात लॅक्टोज पाण्यात कालवून पाजतात आणि दर काही वेळानं नळीत फुंकायला लावून श्वासातला हायड्रोजन मोजतात, कारण तो शरीरात दुसरीकडे कुठे तयार होत नाही, आतड्यातल्या जिवाणूंकडूनच येतो. त्या तपासणीत बहुधा २५ ग्रॅमच पाजतात. म्हणजे तुम्ही रोज मायेनं तिची तीच तपासणी घेताय, फक्त दोन हप्त्यांत.

तिचा चहा मात्र चालतो, कारण कपात दूध पडतं जेमतेम ५० मिलिलिटर, म्हणजे अडीच ग्रॅम. थोडंफार लॅक्टेज तिच्याकडे शिल्लक असतं, ते एवढं निभावून नेतं. दह्याची गोष्ट आणखी मजेची. विरजणातले जिवाणू दुधातलं थोडं लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात, आंबटपणा त्यातूनच येतो. पण खरा फायदा पुढचा : या जिवाणूंकडे स्वतःचं लॅक्टोज तोडणारं एन्झाइम असतं आणि दह्याबरोबर ते पोटात जातं. आतड्यात पित्ताशी गाठ पडली की जिवाणू फुटतात आणि ते एन्झाइम तिथे कामाला लागतं. दही जिवंत असेल तरच हे घडतं. कढी उकळली की जिवाणूही गेले आणि त्यांचं एन्झाइमही. तरी कढीत पाणी इतकं असतं की वाटीभर कढीनं तिला बहुधा काही होणार नाही.

बाकीच्या पदार्थांचं एक सूत्र सांगते. लॅक्टोज पाण्यात विरघळलेलं असतं, म्हणून दुधाचं पाणी जिकडे जाईल तिकडे ते जातं. पनीर करताना ते निवळीत निघून जातं. चक्का बांधून टांगला की खाली पातेल्यात गळतं, म्हणून श्रीखंड दुधापेक्षा सोपं. तुपात ते नसल्यातच जमा. तेव्हा गरम भातावरचं तूप खुशाल वाढा. उलट दूध आटवलं की पाणी वाफेनं उडतं आणि लॅक्टोज जागेवर राहतं. लिटरभर म्हशीच्या दुधाचा खवा पाव किलोही पडत नाही, पण लिटरभर दुधातलं पन्नासेक ग्रॅम लॅक्टोज सगळं त्यातच. बारशाचा एक पेढा ठीक, पण वाटीभर बासुंदी तिच्यासाठी पेल्याहून वाईट. खरवस? चिकात लॅक्टोज नेहमीच्या दुधापेक्षा कमी असतं खरं, पण आपण त्यात दूध घालतोच, तेव्हा वडीभर देऊन बघा.

आता करायचं काय. आठवडाभर दोन्ही पेले बंद. दही, ताक, तूप, चहा चालू. पोट शांत झालं तर एके दिवशी सकाळी पुन्हा पेलाभर द्या. तासाभरात तेच सुरू झालं तर निदानासाठी घरात आणखी पुरावा नको. मग दूध कायमचं तोडायचीही गरज नाही. पाव पेला, जेवणासोबत, दुपारी : इथून सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांत अर्ध्यावर न्या. पोटात अन्न असलं की दूध आतड्यात सावकाश उतरतं आणि होतं तेवढं लॅक्टेज पुरतं. रोज थोडं-थोडं घेत राहिलं की मोठ्या आतड्यातले जिवाणूही जुळवून घेतात. दूध न पचणाऱ्यांपैकी पुष्कळांना दिवसात १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज असं जेवणाबरोबर घेतल्यास फारसा त्रास होत नाही.

पेले बंद करूनही आठवडाभरात पोट थाऱ्यावर आलं नाही, संडासवाटे रक्त पडलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं किंवा वजन उतरायला लागलं तर मात्र दुधाला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजलं तरी लॅक्टेज कमी पडतं. जोरदार जुलाबांनंतर काही आठवडे असं होतं आणि अस्तर सुधारलं की आपोआप बरं होतं. दूध प्यायल्यावर अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, धाप लागली तर ती दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. तिथे थोडं-थोडं देऊन बघणं धोक्याचं.

तुमची खरी काळजी मला कळते : दूध नाही तर बाळंतिणीला ताकद कुठून आणि बाळाला दूध कुठून? अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०२० सालची शिफारस सांगते. शंभर मिलिलिटर दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या नाचणीत ३६४. आळिवात ३०० च्या वर, शेवग्याच्या पाल्यातही तसंच. पांढऱ्या तिळात १२०० च्या पुढे, पण तिळातलं सगळं अंगी लागत नाही, म्हणून त्या आकड्यानं हुरळून जायला नको; आणि तीळ कुणी शंभर ग्रॅम खातही नाही. तेव्हा सकाळच्या पेल्याऐवजी ताकातली नाचणीची आंबील, जिरं आणि हिंग घालून. आळिवाची खीर दुधात शिजवण्याऐवजी नारळ-गुळातले आळिवाचे लाडू. जेवणात वाटीभर घट्ट दही, तिळाची चटणी, आठवड्यातून दोनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी. मासे खात असाल तर काट्यासकट खाता येणारे बारीक मासे. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या चुकवू देऊ नका. आणि डिंकाचे लाडू आवडीनं देताय, द्या, पण डिंकही लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातच आंबतो. दिवसाला एक पुरे.

लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात. बऱ्याचशा कोजीच्याच बुरशीतून काढलेल्या. एकच बुरशी, पण एन्झाइम वेगळं. दुधाच्या पहिल्या घोटाबरोबर घ्यायची, आधी तासभर नव्हे. लग्नकार्यात बासुंदी टाळता येत नसेल त्या दिवसासाठी सोय म्हणून बरी. पाजती आहे तोवर डॉक्टरांना विचारून घ्या. लॅक्टोजमुक्त दूधही पिशवीत-खोक्यात मिळतं. त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच तोडलेली असते, म्हणून जिभेला जास्त गोड लागतं. ‘मुक्त’ म्हटलं तरी साखर काढलेली नसते, फक्त तोडलेली असते. काकांनी ते मधुमेहाला चांगलं समजून पिऊ नये.

ए-टू दुधाचे पैसे वाचवा. ए-वन आणि ए-टू हा फरक केसीन या प्रथिनातला आहे. लॅक्टोज दोन्हींत सारखंच. म्हैस, देशी गाय, जर्सी, कुणाचंही आणा, आणि शेळीच्या दुधातही ते किंचितच कमी.

शेजारच्या बाईंचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण अशा सल्ल्यानं कित्येक बाळांचं अंगावरचं दूध तुटतं. आईनं दूध प्यायलं म्हणून तिच्या दुधात लॅक्टोज येत नाही. ते स्तनातच, रक्तातल्या ग्लुकोजपासून तयार होतं. म्हैस कुठे दूध पिते? आईला लॅक्टोज पचो न पचो, तिच्या दुधात ते १०० मिलिलिटरला ७ ग्रॅमच्या आसपास असतंच. तुमच्या म्हशीच्या दुधापेक्षा जास्त. आणि बाळाला ते हवंच असतं, पचवायला त्याच्याकडे लॅक्टेजही भरपूर असतं. जन्मतःच लॅक्टेज नसलेलं बाळ ही अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे. अशा बाळाला पहिल्या दिवसांतच पाण्यासारखे जुलाब होतात, ते दीड महिना असं बाळसं धरून राहत नाही.

संध्याकाळचं रडणं दीड महिन्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं, मग ओसरत जातं. बाळ नीट ओढत असेल, दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला करत असेल, वजन वाढत असेल तर वरचं दूध, गुटी, ओव्याचं पाणी, काही नको. सहा महिने फक्त अंगावरचं. एक मात्र सुनेला सांगा : बाळाला एका बाजूचं पोटभर पिऊ दे, मग दुसरी बाजू. लवकर-लवकर बाजू बदलली की त्याला सुरुवातीचं पातळ, कमी सायीचं दूध जास्त मिळतं. ते पोटातून झरकन पुढे सरकतं आणि फेसाळ, हिरवट शी होते. दुकानात तान्ह्यांसाठी लॅक्टेजचे थेंबही मिळतात. बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय ते आणू नका. शीमध्ये रक्त दिसलं, हिरवी उलटी झाली, ताप आला, बाळ मलूल पडलं किंवा लंगोट कोरडे राहायला लागले, तर रात्र-अपरात्र न बघता दवाखाना.

आता काकांकडे परत. गंमत अशी की त्यांच्या पोटात घडतं तेच, जे सुनेच्या पोटात घडतं. तिचं एन्झाइम वयानं कमी झालं, त्यांचं गोळीनं अडवलंय. व्होग्लिबोज आणि अकार्बोज आतड्याच्या अस्तरावरच्या माल्टेज-सुक्रेजच्या जागा अडवून बसतात. भाकरी, भात, साखर तुटायला वेळ लागतो, ग्लुकोज रक्तात सावकाश जातं आणि जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. जे तुटायचं राहतं ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. गॅस म्हणजे गोळी काम करत असल्याची खूण म्हणायला हरकत नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत तो कमी होतो. सोसत नसेल तर मनानं बंद करू नये, डॉक्टर डोस कमी करून हळूहळू वाढवतात. सोबत मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं दुसरं औषध असेल तर त्याचाही थोडा हात असू शकतो.

दोन गोष्टी सांभाळल्या की लगेच उतार पडेल. एक, जेवणातलं गोड आणि चहातली साखर. ती चोरून चालू असेल तर या गोळीवर तिचा हिशेब पोटात चुकता होतो. दुसरी, कडधान्यं. हरभरा, चवळी, राजमा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात आणि त्या तोडणारं एन्झाइम माणसाकडे जन्मापासूनच नाही; तुमच्याकडेही नाही, माझ्याकडेही. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, आणि शक्य तिथे मोड आणायचे. मोड येताना बी या साखरा स्वतःच्या वाढीसाठी वापरून टाकतं. मोड आलेल्या मटकीची उसळ म्हणूनच अख्ख्या राजम्याच्या भाजीपेक्षा हलकी पडते.

सगळ्यात महत्त्वाचं. काकांच्या गोळीत किंवा सोबत ग्लिमेपिराइडसारखं औषध असेल, किंवा ते इन्सुलिन घेत असतील, तर कधी साखर खाली जाऊ शकते : घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ. आपल्याकडे अशा वेळी चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा तोंडात घालायची पद्धत आहे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असताना त्यावर विसंबू नका. साखर तुटायला सुक्रेज लागतं आणि तेच तर अडवलेलं आहे. गूळ म्हणजे मुख्यतः तीच साखर. पेपरमिंट, बिस्कीट, पेढा यांचंही तेच. द्यायचं ते सरळ ग्लुकोज, कारण त्याला तोडावं लागत नाही. तीन लहान चमचे ग्लुकोज पावडर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात कालवून पाजा. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, चढली नसेल तर पुन्हा तेवढंच. पावडर साधी घ्या, संत्र्याच्या-लिंबाच्या स्वादाची नको. त्यांतल्या काहींत साखर मिसळलेली असते. पाकिटावर डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचंच दुसरं नाव) लिहिलेलं बघून आणा आणि एक पुडी काकांच्या खिशात, एक स्वयंपाकघरात ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. ज्या वेळी जेवण नाही त्या वेळी व्होग्लिबोजचंही काम नाही. पण गोळी मिश्र असेल तर उपासाच्या दिवशी काय करायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

नातवाचं विचारलंत. वर्षाचा होईपर्यंत पेला-वाटीनं वरचं दूध पाजू नका. त्यानंतर द्या, आणि बिनधास्त द्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत लॅक्टेज सहसा पुरेसं असतं. पुढे ते टिकेल की नाही हे आई आणि वडील दोघांकडून काय आलंय त्यावर ठरतं. टिकवणारा बदल एकाकडून जरी आला तरी पुरतो. तुमचा मुलगा अजून पेलाभर दूध पचवत असेल तर नातवालाही ते पचण्याची शक्यता बरीच आहे.